बोटीच्या नाकावरची खोली

कुठला पाहुणा कुठल्या खोलीत ठेवायचा, हे आपल्याइतकं अख्ख्या मोहर्लीत कुणाला कळत नाही, असं नूतनचं मत होतं, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. तिच्या घरामागे पाहुण्यांसाठी चार खोल्या होत्या. माणूस गाडीतून उतरून कमरेवर हात ठेवून उभा राहिला की तिला त्याचा नंबर कळायचा. नवं लग्न झालेल्यांना कोपऱ्यातली दोन नंबर. मोठाले कॅमेरे गळ्यात घालून आलेल्यांना रस्त्याकडे तोंड असलेली एक नंबर. म्हाताऱ्यांना पायरी नसलेली तीन नंबर. आणि जे फोनवरच हुज्जत घालायचे, आल्या आल्या गादीवर हात दाबून नाक मुरडायचे, त्यांच्यासाठी चार नंबर. चार नंबरच्या भिंतीला लागून पाण्याची मोटर होती. सफारीला निघणाऱ्यांच्या आंघोळीसाठी ती पहाटे चारला सुरू व्हायची आणि चार नंबरचा पाहुणा दचकून उठून बसायचा. मग नूतन त्याला चहा देताना इतक्या गोड आवाजात विचारायची, झोप झाली का साहेब, की बिचाऱ्याला तक्रार करायचीच लाज वाटायची.

म्हणून ऑगस्टच्या एका संध्याकाळी धाकट्या बहिणीचा, संघप्रियाचा, नागपूरहून फोन आला आणि ती म्हणाली, "ताई, खोल्या तूच निवड, जागेचं तुह्याइतकं कोनाले समजत नाई," तेव्हा खरं तर नूतनला बरं वाटायला हवं होतं.

पावसामुळे जंगलाचं गेट बंद होतं. नवरा अश्वजितची सफारीची जिप्सी अंगणात ताडपत्रीखाली होती, चारही खोल्या रिकाम्या होत्या आणि नूतन अंबाडीची भाजी निवडत बसली होती. संघप्रियानं सांगितलं ते असं. आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतात. तिनं जन्मात समुद्र पाहिलेला नाही. सप्टेंबरच्या शेवटी मुंबईहून एक मोठी बोट निघते, तीन रात्रींची, गोव्याला जाऊन परत येते. आत हॉटेलसारख्या खोल्या असतात, त्यांना केबिन म्हणतात. एक ऑक्टोबरला तुझं गेट उघडायच्या आत परत येऊ. बाकी सगळं मी बघते. तू फक्त नकाशा पाहून खोल्या सांग.

नूतननं निवडलेली भाजी देठांतच टाकली. कारण आठवडाभरापूर्वीच संघप्रियानं नवा फ्लॅट घेतल्याचं कळवलं होतं. तीन खोल्यांचा. एक माझी, ती म्हणाली होती, एक पुस्तकांची आणि एक आईची. नूतननं हे वाक्य कुणालाच सांगितलं नव्हतं. दिवसभरात दहा वेळा ते आपोआप आठवायचं आणि दहाही वेळा तेवढंच झोंबायचं. आता तिला सगळा डाव लख्ख दिसला. तीन रात्री आईला समुद्र दाखवायचा, गोडीगुलाबीनं बोलायचं, आणि चौथ्या दिवशी आईची पेटी मोहर्लीला नाही, नागपूरला.

आता ही आई, मनकर्णाबाई, म्हणजे काही हातात धरून चालवावी लागणारी म्हातारी नव्हती. मुलचेऱ्याच्या बाजूला जंगलातल्या उपकेंद्रात तिनं तीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. रिटायर झाल्यावर काही वर्षं एकटी राहिली, मग अकरा वर्षांपूर्वी नूतनकडे आली आणि तेव्हापासून दोघींचं एक दिवस पटलं नव्हतं. आई पाहुण्यांचा बीपी तपासायची आणि त्यांना नूतनच्या भाजीतल्या मिठाबद्दल सावध करायची. रात्री घोरायची. साऱ्या तालुक्याला गोळ्या वाटलेली ही बाई स्वतःची बीपीची गोळी मात्र खायची नाही. डाव्या गालात धरून ठेवायची आणि नूतनची पाठ फिरली की सदाफुलीच्या कुंडीत थुंकायची. नूतननं दोन वर्षांनी ही चोरी पकडली होती. तेव्हापासून रोज सकाळी ती आईला जीभ वर करायला लावायची, आणि आई रोज सकाळी तिला शिव्या घालायची.

आणि एवढं करून नाव कुणाचं? तर संघीचं, म्हणजे संघप्रियाचं. शाल पांघरली की माह्या संघीनं पाठवली. चष्मा लावला की माह्या संघीनं करून दिला. संघी दिवाळीला दोन दिवस यायची, तर आई आठ दिवस आधीपासून अनारसे कसे झाले पाहिजेत ते सांगायची, आणि ते तळायचे कुणी, तर नूतननं. रोज समोर दिसणाऱ्या माणसाचं कौतुक कोण करतं? नूतन हे अश्वजितजवळ बोलली की तो हसायचा आणि म्हणायचा, तू बहिणीवर जळतं. नूतनला राग यायचा, कारण ते खरं होतं. संघप्रियाच्या नोकरीवर ती जळत नव्हती, साड्यांवर जळत नव्हती, नवऱ्याशी फारकत झाल्यावर ती एकटी राहते त्या एकटेपणावर तर मुळीच नाही. ती जळत होती ती आईच्या तोंडातल्या त्या 'माही' शब्दावर. माही संघी. अकरा वर्षांत 'माही नूतन' असं तिनं एकदाही ऐकलं नव्हतं.

आईनं जायला एक अट घातली. बायना येईल तरच मी येतो. बायनाबाई म्हणजे आईच्या उपकेंद्रातल्या दिवसांतली दाई, गोंडाची बाई, आता आगरझरीला लेकीकडे राहणारी. पावसाळ्यात नदीपलीकडे बाळंतीण अडली की नर्सबाई आणि दाई डोंग्यातून प्राणहिता ओलांडायच्या. डोंगा हाकायचा तो इसरू नावाचा ढिवर. ही गोष्ट आई प्रत्येक पाहुण्याला सांगायची. इसरू कसा ओरडायचा, बाई कुठी बसायच्या, पाणी कसं उसळायचं, सगळं. नूतननं ती इतक्या वेळा ऐकली होती की आईनं 'इसरू' म्हटलं की ती उठून भांडी घासायला लागायची.

संघप्रियाला बायनाबाईचं काही वाटलं नाही. उलट ती म्हणाली, बरंच झालं, चौघी झालो, दोन खोल्या, दोघी दोघी. आणि मग जरा थांबून म्हणाली, "ताई, तू अन् बायनाबाई एका खोलीत राहा. तुले तं आई रोजच आहे. तीन रात्री मले दे."

नूतन म्हणाली, पाहू. फोन ठेवला आणि तिनं ठरवूनच टाकलं की आईची एकही रात्र संघीला द्यायची नाही.

नकाशा आला. अश्वजितनं चंद्रपूरहून त्याचे मोठे कागद काढून आणले आणि नूतननं ते जेवणाच्या टेबलावर पसरले. बोट बारा मजल्यांची, प्रत्येक मजल्यावर खोल्यांच्या रांगाच रांगा, कुठे गॅलरी, कुठे नुसती गोल काच, कुठे तीही नाही. दुसरी कुणी असती तर तिचं डोकं गरगरलं असतं. नूतनला पाच मिनिटांत बोट कळली. शेवटी खोल्याच त्या.

आई आणि आपण एका खोलीत, हे पक्कं. ती खोली दहाव्या मजल्यावर, अगदी पुढे, बोटीच्या नाकावर. मोहर्लीत ज्याला थोडीफार अक्कल आहे त्याला हे सांगावं लागत नाही. मचाण जितकं उंच तितकं चांगलं. जिप्सीत जो पुढे बसला त्याला वाघ दिसतो, मागच्याला धूळ. अश्वजितनंही कागदावर वाकून पाहिलं आणि मान डोलावली. पुढची सीट सोडू नको, म्हणाला.

मग ती चार नंबर शोधायला लागली. प्रत्येक घराला एक चार नंबर असते, बोटीलाही असणार. ती सापडली चौथ्या मजल्यावर, पार खाली, बोटीच्या पोटात, बरोबर मधोमध. खिडकी म्हणजे थाळीएवढी गोल काच, ती पाण्याच्या जरा वर. खाली कुठेतरी इंजिन. समुद्र दाखवायला निघालेल्या संघप्रियाला भिंत बघू दे, इंजिन ऐकू दे. बायनाबाईबद्दल नूतनला जरा वाईट वाटलं, पण बायनाबाई कुठेही झोपते, असं तिनं स्वतःला समजावलं.

तेवढ्यात आई चष्मा पुसत आली आणि कागदावर वाकली. तिनं बराच वेळ पाहिलं. मग त्या खालच्या, मधल्या खोलीवर बोट ठेवलं.

"हे कोनाची?"

"संघीची."

"बरी आहे हे," आई म्हणाली. "मधात आहे. इसरू सांगे..."

नूतननं कागद गोळा केले. संघीला गोठा दिला असता तरी आईला तो बरा दिसला असता. तिनं त्याच संध्याकाळी दोन्ही खोल्यांचे नंबर आणि नावं कळवून टाकली. संघप्रियाचा उलट निरोप आला, ठीक आहे ताई. एवढाच. भांडण नाही, काही नाही. नूतनला तेही आवडलं नाही.

मुंबईचं सांगण्यात अर्थ नाही. स्टेशनवरून टॅक्सीनं त्या थेट धक्क्यावर गेल्या. आत शिरण्याआधी बायनाबाईनं पदराच्या गाठीतले चार तांदळाचे दाणे धक्क्याच्या कडेनं पाण्यात सोडले. नदी ओलांडताना सोडायच्या तसेच. आईनंही हात जोडले. तपासणीचा पोरगा काय टाकलं म्हणून धावत आला, तर आईनं त्यालाच विचारलं, पोहता येते का तुले? त्याला येत नव्हतं.

दहाव्या मजल्यावरची खोली नूतनच्या स्वप्नातलीच निघाली. पांढऱ्या चादरी, काचेचं दार, बाहेर गॅलरी, आणि गॅलरीपुढे सगळा समुद्र उघडा. तिनं आईला हाताला धरून गॅलरीत उभं केलं. आईनं समुद्राकडे पाहिलं, डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. केवढं हे पानी, एवढंच म्हणाली. नूतनला वाटलं, झालं, जिंकलो. आता तीन रात्री संघीनं खाली इंजिन ऐकावं.

मग आई म्हणाली, बायनाची खोली पाहून येतो.

लिफ्टनं दोघी खाली गेल्या. खालच्या खोलीत बायनाबाई पलंगावर मांडी घालून बसली होती आणि संघप्रिया बॅगेतले कपडे कपाटात लावत होती. आई दारातच थांबली. तिनं खोलीभर नजर फिरवली, भिंतीला हात लावला, दोन मिनिटं डोळे मिटून जमिनीवर पाय रोवून उभी राहिली. मग रिकाम्या पलंगावर जाऊन बसली आणि चपला काढल्या.

"मी इथीच झोपतो," ती म्हणाली.

नूतनला वाटलं, आपल्याला कुणीतरी भर बाजारात थोबाडीत दिली. सगळ्या बोटीतली चांगली खोली आईसाठी हेरून काढली, आणि आईला ही पेटी हवी, का तर ही संघीची. संघप्रियाचा चेहरा असा उजळला की नूतनला तो पाहवेना. संघप्रियानं आईच्या शेजारी बसून तिचा हात हातात घेतला. पण आईनं तो हात सोडवला आणि म्हणाली, "तू नाई. तू वर ताईपाशी जाय. मी अन् बायना इथी. आमाले जुनी सवय आहे."

 आई एकदा असं बोलली की सरकारी दवाखान्यातला डॉक्टरही वाद घालत नसे. संघप्रियानं लावलेले कपडे परत बॅगेत भरले. नूतननं तिला बॅग उचलायला हात लावला नाही.

अशा रीतीनं बोटीच्या नाकावरच्या त्या देखण्या खोलीत दोन बहिणी येऊन पडल्या, ज्या लग्नापूर्वीच्या दिवसांनंतर कधी एका खोलीत झोपल्या नव्हत्या.  संघप्रिया गॅलरीत बसली, नूतन आत. जेवायला चौघी एकत्र होत्या तेव्हा आई आणि बायनाबाई आपसांत कुठल्याशा जुन्या बाळंतपणावरून हसत होत्या. नूतनला आता संघीचा मत्सर करायचा की बायनाबाईचा, हेच कळत नव्हतं. तिनं दोघींचाही केला.

सप्टेंबर संपत आला तरी समुद्रातला पाऊस संपलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट भर पाण्यात होती आणि वारा सुटला होता. आधी कपाटातले हँगर वाजायला लागले. मग खोलीचं नाक हळूहळू वर उचललं जायला लागलं, वर, आणखी वर, क्षणभर थांबायचं, आणि मग सगळी खोली पोटासकट खाली यायची. नूतननं चहा घेतला होता, तो राहिला नाही. ती बाथरूममधून बाहेर आली तर संघप्रिया दारात उभीच होती, तोंडावर रुमाल धरून. पुढचे तीन तास दोघींनी पाळीपाळीनं काढले. खोली साफ करायला आलेल्या माणसानं दोघींना पाहिलं, कागदी पिशव्या ठेवल्या आणि नम्रपणे सांगितलं की, मॅडम, ज्यांना त्रास होतो ते लोक खालची, मधली खोली मागतात. तिथं हलत नाही. पुढचं आणि वरचं सगळ्यात जास्त हलतं. लोकांना हे माहीत नसतं.

नूतन पलंगाच्या कडेला धरून बसली होती. तिच्या डोक्यात आईचा आवाज वाजायला लागला. शंभर वेळा ऐकलेला आणि एकदाही पुरता न ऐकलेला. इसरू सांगे, बाई, टोकावर नको बसू. मधात बस, खाली बस.

दुपार होईपर्यंत दोघींच्या पोटात काही उरलं नव्हतं आणि अंगात भांडायचं बळही उरलं नव्हतं. दोघी पलंग सोडून गालिच्यावर आडव्या झाल्या, कारण जमीन जरा कमी हलते असं वाटत होतं. तिथं छताकडे बघत पडल्या पडल्या नूतन अचानक म्हणाली, तू आईला न्यायला निघाली आहेस ते मला ठाऊक आहे. खोली पण तयार आहे तिची.

संघप्रियानं रुमाल तोंडावरून काढला. खोली एकदा वर गेली आणि खाली आली.

"मी तं तिले जूनमधेच इचारलं होतं ताई," ती म्हणाली. "घर पाहून राह्यली होती तवाच. नाई म्हनली."

"नाई म्हनली?"

"म्हनली, नूतनले दिवसभर चिडाले कोनीतरी लागते. मी आलो तं ते पाहुन्यांवर चिडन, धंदा बसन तिचा." संघप्रिया हसली, आणि हसता हसता तिनं रुमाल डोळ्यांना लावला. "म्हनली, संघी, तुले माही आठवन येते. नूतनले मी लागतो. म्हटलं ठीक आहे. खोली तरी तिच्या नावाची राहू दे. अन् तीन रात्री मांगतल्या होत्या तुले. तेवढ्या बी नाई देल्ल्या तू."

खोटं कशाला बोलायचं, नूतनला आधी झाला तो निव्वळ आनंद. पोटात ढवळत असताना, तोंड कडू असताना, तिच्या अंगावर आनंदानं काटा आला. आई जाणार नव्हतीच. आई जूनमध्येच तिला मिळाली होती, आणि नूतन ऑगस्टपासून तिच्यासाठी लढत होती. आनंद ओसरला तशी लाज आली. ती बऱ्याच वेळानं आली, पण आली तेव्हा पुरती आली. शेजारी जमिनीवर पडलेली ही बाई एकटी राहते, तीन खोल्यांच्या घरातली एक खोली एका न येणाऱ्या माणसाच्या नावानं ठेवते, आणि आपण तिला चार नंबर काढून दिली. तीही चुकून चांगली निघाली, हा काही आपला मोठेपणा नव्हता.

तेवढ्यात दार वाजलं. आई आली होती, हातात सुंठ आणि चार लिंबं. भिंतीला न धरता सरळ चालत आली, डुलणाऱ्या डोंग्यात तीस वर्षं उभी राहिलेल्या पायांनी. दोघी लेकींना जमिनीवर पाहून तिनं कपाळाला हात लावला नाही की काही नाही. दोघींची नाडी पाहिली, जिभा पाहिल्या आणि म्हणाली, उठा, खाली चला.

खालच्या खोलीत खरंच काही हलत नव्हतं. इंजिनाचा आवाज होता, पण तो पिठाच्या चक्कीसारखा एकसुरी, झोप आणणारा. नूतन आणि संघप्रिया दोन पलंगांवर पडल्या, आई मधे बसली, बायनाबाई गोल काचेतून पाणी बघत राहिली. नूतनला झोप लागली ती थेट संध्याकाळी मोडली. उठून पाहते तर आई संघप्रियाच्या पलंगावर होती आणि संघप्रियाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. नूतनचा जुना मत्सर पुन्हा जागा झाला. एका दुपारीत काही माणसाचा स्वभाव बदलत नाही.

पण आता तिला खोल्या वाटता येत होत्या. हे काम तिचं होतं, आणि ते तिनं आधी वाईट केलं होतं. ती उठली, तोंड धुतलं, आणि पाहुण्यांशी बोलायच्या आवाजात म्हणाली की आता दोन रात्री उरल्या आहेत. दोन्ही रात्री संघी इथं झोपेल, आईजवळ. बायनाबाई माझ्यासोबत वर.

आईनं तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "अन् तुले वर उलटी झाली तं?"

"झाली तं झाली," नूतन म्हणाली.

बायनाबाईनं आपली पिशवी उचलली. तिला वरची खोली फार आवडली. ती गॅलरीत खुर्ची ओढून बसली, मचाणावर बसतात तशी, चादर पांघरून, आणि अंधारात पाण्याकडे डोळे लावून राहिली. काय दिसते म्हणून नूतननं विचारलं, तर म्हणाली, काहीच नाई, पन पाहाले पायजे. तिचं पोट अजिबात ढवळलं नाही. नूतनचं ढवळलं. पण वारा पडला होता आणि सुंठ कामाला आली. पडल्या पडल्या तिला खालची खोली दिसत होती. त्या दोघी आता काय बोलत असतील? आई 'माही संघी' म्हणत असेल. म्हणू दे, असं तिनं ठरवलं, आणि तरी ती बराच वेळ जागी राहिली.

सकाळी बोट गोव्याला लागली होती. पलंगाशेजारचा फोन वाजला. संघप्रिया होती. रात्री कशी झोप झाली वगैरे तिनं विचारलं, मग आवाज खाली केला. आई गोळी घेतली म्हणते आहे, म्हणाली. पाणीही प्यायली. पण मला काहीतरी गडबड वाटते. खरंच घेतली का हे कसं ओळखायचं?

नूतन रिसिव्हर कानाला धरून उभी राहिली. अकरा वर्षांत तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं हे एकच होतं. डॉक्टरांना माहीत नव्हतं, अश्वजितला नुसत्या शिव्या ऐकू यायच्या. संघीला शाल माहीत होती, चष्म्याचा नंबर माहीत होता, पण हे नाही. घेतली असेल, एवढं म्हटलं की झालं असतं. गॅलरीतून बायनाबाई तिच्याकडे बघत होती.

"घेतली नाई तिनं," नूतन म्हणाली. "डाव्या गालात ठेवली आहे. जीभ वर कराले लाव, अन् गालात बोट घालून पाहाय. शिव्या देईन. देऊ दे. अन् तिथी झाडाची कुंडी असन तं पहिले बाहेर ठेव."

पलीकडे रिसिव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग संघप्रियाचा, आई, तोंड उघड. मग थोडी झटापट. आणि मग आईचा तो खणखणीत आवाज, जो नूतन रोज सकाळी ऐकायची. तुले कोनं सांगतलं, थे चुगलखोर आहे, बहिणी बहिणी दोघी सारख्याच, माह्या तोंडात बोट घालते, नर्स मी आहो का तू. एकामागून एक, दम न घेता.

आई संघप्रियावर चिडली होती. नूतन ऐकत राहिली, आणि खरं सांगायचं तर तिला तेवढंही सोसवेना. ते चिडणं तिच्या वाट्याचं होतं. तरी तिनं फोन ठेवला नाही. आईचं बोलून संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली.